फक्कीचं वर्तुळ आणि विमलआक्कांची नथ

माझा बॉम्ब नाथाच्या पायाशी ठेवलेला होता आणि मला तिथं जायला बंदी होती.

बॉम्ब म्हणजे डमी. निळ्या रेक्झिनची पिशवी, आत दोन विटा आणि टिकटिक करणारं गजराचं घड्याळ. ती मीच सकाळी मंडपातल्या खांबाशी ठेवली होती. देवस्थानच्या स्टाफनं काय करायचं ते आदल्या दिवशी शिकवून झालं होतं. बेवारस वस्तू दिसली की हात लावायचा नाही. माणसं लांब करायची. शिट्टी वाजवायची. बास. लहान मुलालाही पाठ होईल इतकंच.

दिगंबरमामा गुरवांना पिशवी दिसली. त्यांनी ती उचलली. हलवून पाहिली. कानाला लावली. मग छातीशी धरून सरळ गाभाऱ्यात नेली, नाथापुढं ठेवली, हात जोडले आणि बाहेर येऊन माईक हातात घेतला.

"सर्व भाविकांना कळवण्यात येते, एक निळी पिशवी सापडलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब गाभाऱ्यासमोर यावं. ऐका, निळी पिशवी..."

माणसं आली. ज्यांचं काही हरवलं होतं ती आली. ज्यांचं काहीच हरवलं नव्हतं ती बघायला आली. सगळं गाव मी बॉम्बभोवती गोळा झालेलं पाहिलं, तेही लाउडस्पीकरवरून बोलावून.

मी उंबऱ्यापर्यंत धावत गेले.

"मामा, ती पिशवी बाहेर आणा!"

"बाई, उंबऱ्याच्या आत येऊ नका. बायांना मनाई हाय."

"मला आत यायचंच नाही. पिशवी बाहेर हवी आहे."

"नाथापुढं ठेवलेली वस्तू मालकाबिगर हालवत न्हाईत."

"मीच मालक आहे!"

"मंग खूण सांगा. आत काय हाय?"

"दोन विटा आणि बॉम्ब!"

मामांनी शांतपणे पिशवीची चेन उघडून आत पाहिलं. "विटा बराबर हायेत. बाम दिसत न्हाई. घड्याळ हाय."

गर्दी हसली. मी हसले नाही. मला त्या वेळी राग गिळता येत नव्हता, आजही फारसा येत नाही.

मी नांदेडच्या एका सिक्युरिटी एजन्सीत ट्रेनिंगचं काम करते. कॉलेजात एनसीसी केली, त्याच्या जोरावर नोकरी लागली. हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा होता. शहरांतल्या स्फोटांच्या बातम्या सारख्या येत होत्या, म्हणून पोलिसांनी यात्रा भरणाऱ्या देवस्थानांना सांगितलं होतं की तुमच्या माणसांना ट्रेनिंग द्या, सर्टिफिकेट दाखवा, मग यात्रेची परवानगी. ट्रस्टनं एजन्सीला बोलावलं आणि एजन्सीनं मला पाठवलं. डोंगरकड्याहून आत वळलं की लागणारं हे गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी पुढं जे सांगणार आहे ते कोणत्याही गावाला लागू पडेल.

माझे वडील समतेची पत्रकं छापायचे आणि एसटी स्टँडवर वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यामुळं माझी एक खोड आहे. नियम असेल तर तो सगळ्यांना. सगळ्यांना नसेल तर कुणालाच नको. या खोडीनं माझं नोकरीत कधी भलं झालेलं नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष नानासाहेब. पांढरा सदरा, खिशात चष्मा, तोंडात कायम लवंग. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, ड्रेस कधी देणार? फोटो काढायचा हाय पेपरला."

"ड्रेस नंतर. आधी शिकू द्या."

"शिकणं चालू राहील हो. फोटोला काय तकलीफ हाय?"

शिकायला माणसं मोजकीच. दिगंबरमामा गुरव. लाठीवाला वॉचमन नामदेव. आणि मंदिराचं अंगण झाडणारी अनुसयाबाई राठोड. ती जवळच्या तांड्यावरची. नवरा नाही. सासू, दोन लेकरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तिला मुळात बोलावलंच नव्हतं. पोलिसांच्या अटीत बायांच्या रांगेला बाई गार्ड पाहिजे असं होतं आणि गावातल्या एकाही घरातली बाई गेटवर उभी राहायला तयार नव्हती. मी अंगणाकडं बोट दाखवून विचारलं, "ह्या का नाहीत?"

नानासाहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तांड्याची बाई गेटवर? लोक काय म्हणतील?"

"रांग सरळ आहे म्हणतील."

त्यांना दुसरी बाई मिळाली नाही, म्हणून ती आली. आणि ट्रस्टच्या बैठकीत ठरलं की यात्रा नीट पार पडली तर बायांच्या गेटची जागा कायम करायची. महिन्याचा पगार. ती जागा अनुसयाबाईला हवी होती. तिनं मला तसं स्पष्टच सांगितलं होतं. मी विचारलं, "पगारासाठी?"

"पगारासाठी तर हायच. पन बाई, गेटवर उभं राह्यलं की आळ घेणारं मानूस पैले माझ्याम्होरं थांबल. आत्ता ते माझ्या पाठीमागं बोलतंय."

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. कळलं डमीच्या दिवशी.

गर्दी पांगल्यावर मी तिघांना मंडपात बसवलं. माझा आवाज चढलेला होता. "मामा, काल काय शिकवलं होतं?"

"हात लावायचा न्हाई."

"मग लावला काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"बाई, सापडलेली वस्तू नाथापुढं ठेवायची, ही इथली रीत हाय. माझ्या आज्यापासनं. एकदा का नाथापुढं गेली, की कुणावर आळ येत न्हाई. ज्याची असंल तो येतो, खूण सांगतो, घेऊन जातो. आजवर एक वस्तू गेली न्हाई."

"आणि त्यात खरंच बॉम्ब असता तर? सगळं गाव तुम्ही माईकवर बोलावलं त्याच्याजवळ!"

मामा विचारात पडले. मग म्हणाले, "नाथापुढं फुटला नसता."

मी डोकं धरलं. नामदेव मला धीर द्यायला म्हणाला, "म्याडम, मी आसतो तर हे मिशीन फिरवलं आसतं." एजन्सीनं दिलेला हातातला मेटल डिटेक्टर त्याच्याकडं होता. धातू जवळ आला की ते यंत्र पिंपिं करतं. नामदेव ते आरतीच्या ताटासारखं ओवाळायचा, उजवीकडून डावीकडं, डोळे मिटून. बॅटरी संपली तरी ओवाळायचा.

मग अनुसयाबाई बोलली. ती मागं, खांबाला टेकून बसली होती.

"बाई, तुमी म्हणता हात लावू नका, जवळ उभं राहून लोकं लांब करा. मामाला ते जमंल. नामदेवला जमंल. मी एकटी बेवारस पिशवीपाशी उभी दिसले, आन् नंतर त्यातली वस्तू गायब निघाली, तर आळ कुणावर?"

ती खांब सोडून पुढं सरकली.

"मागं मंदिरातली समई गेली होती. पैले माझ्या घरची भांडी उलथीपालथी केली. चुलीतली राख सुदिक काढून बघितली. पंधरवड्यानं समई कोठीतच सापडली, पोत्यामागं. मला सांगायला कुणी आलं न्हाई. तांड्यावर अजून काही लोकं म्हणतात, समईवाली अनुसया."

नामदेव जमिनीकडं बघू लागला. मामांनी घसा खाकरला आणि वाती वळायला घेतल्या. म्हणजे खरं होतं.

आता मला मामांची रीत नव्यानं दिसली. सापडलेली वस्तू देवापुढं ठेवणं म्हणजे नुसती भक्ती नव्हती. तो इथला पंचनामा होता. हात लावणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत, हे दाखवायचा एकच रस्ता. आणि माझा नियम तोच रस्ता बंद करत होता. पण नियम चूक नव्हता. बॉम्बला रीतभात कळत नाही.

मी बाजारातून फक्की आणायला सांगितली. कबड्डीचं मैदान आखतात ती चुन्याची पांढरी पूड. "आता नीट ऐका. वस्तू दिसली की लांबून तिच्याभोवती फक्कीचं मोठं वर्तुळ मारायचं. वर्तुळाच्या आत कुणी जायचं नाही. तुम्ही नाही, मी नाही, नानासाहेब नाहीत. तुम्ही बाहेर, पाठ वस्तूकडं, तोंड माणसांकडं. शिट्टी वाजवा. पोलीस येईपर्यंत आत पाऊल उमटता कामा नये. वर्तुळ अखंड असेल तर कोणी आत गेलं नाही, याचा तोच पुरावा."

अनुसयाबाईनं फक्की मुठीत घेऊन पाहिली. "आन् वस्तूचा मालक आला तर?"

"मालकही बाहेर. आधी आत काय काय आहे ते तोंडानं सांगायचं. मग पोलिसांसमोर स्वतःच्या हातानं उघडायचं. आपण हात लावायचाच नाही."

"मोठ्या घरचा असला तरी?"

"मोठ्या घरचा असला तरी."

तिनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, लक्षात ठेवल्यासारखी.

मामांना मी वेगळं सांगितलं. "मामा, बेवारस पिशवी सापडली तर माईकवर पुकारायचं नाही. अजिबात नाही. गर्दी होते."

"बराबर हाय," मामा म्हणाले. "माईकवर बोलायचं न्हाई."

त्या संध्याकाळी वारंगा फाट्यावर जाऊन एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सर म्हणजे एजन्सीचे मालक, लष्करातून निवृत्त.

"झालं का?" सर.

"नाही सर. ड्रिल फेल गेली. आणखी एक दिवस लागेल."

"दोन दिवसांचंच ठरलंय त्यांच्याशी. सर्टिफिकेट देऊन टाक."

"डमी देवाच्या पायाशी गेली सर."

"मग सुरक्षित जागी गेली ना?"

मी फोन ठेवला. तिसरा दिवस माझ्या रजेतून दिला. त्या दिवशी डमी पुन्हा ठेवली, या वेळी दीपमाळेमागं. नामदेवला दिसली. त्यानं वर्तुळ मारलं, पण स्वतः आतच राहिला. अनुसयाबाईनं त्याला बाहेर हाकललं, वर्तुळ परत मारलं आणि अशी शिट्टी वाजवली की लिंबावरचे कावळे उडाले. मामांनी माईकला हात लावला नाही. मी सर्टिफिकेटवर सही केली. नानासाहेबांनी फोटो काढून घेतला. फोटोत अनुसयाबाई नव्हती. तिला चहा आणायला पाठवलं होतं.

यात्रेच्या दिवशी मी गेले ते एजन्सीच्या खर्चानं नाही. मला बघायचं होतं.

सकाळी सगळं बरं चाललं होतं. बायांच्या रांगेला अनुसयाबाई खाकी साडीत उभी. "आक्का, पिशवी तुमीच उघडा. मी बघते नुसतं. हां, झालं, चला." नैवेद्याच्या ताटांनाही तेच. तिनं कशालाही हात लावला नाही, म्हणून कुणाला तक्रार करता येईना. दोघीतिघींनी नाक मुरडलं, पण फडकं स्वतःच वर केलं. नामदेव पुरुषांच्या रांगेत ओवाळत होता.

दुपारी महाप्रसादाच्या पंगती बसल्या आणि अनुसयाबाईची शिट्टी ऐकू आली. लांब, थांबून थांबून. शिकवली तशी.

मी धावले. लिंबाच्या झाडाखाली, पाराला टेकून, चॉकलेटी रंगाची मोठी पिशवी. आजूबाजूला कुणी नाही. पिशवीभोवती फक्कीचं पांढरं वर्तुळ, चांगलं मोठं. अनुसयाबाई बाहेर, पाठ पिशवीकडं. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हाताला फक्की लागलेली. बंदोबस्तावरचे फौजदार दोन शिपायांना घेऊन येत होते. मी मनात म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक बाई आल्या. अंगावर भारी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात नव्या बांगड्यांचा कागद. नानासाहेबांची थोरली बहीण, विमलआक्का. यात्रेसाठी माहेरी आलेल्या.

"अगं बाई, माझी पिशवी हाय ती! बांगड्या भरायला गेले होते. सर बाजूला."

अनुसयाबाई सरली नाही. "आक्का, रेघेच्या आत जायचं न्हाई. साहेब येऊन राहिलेत."

"माझ्या पिशवीला मी हात लावायचा न्हाई?"

"लावा की. साहेब आले की तुमीच लावा. तवर बाहेर."

"तू मला अडवतीस?"

"मी न्हाई अडवत, आक्का. रेघ अडवती."

तिकडून नानासाहेब आले. आले ते ओरडतच. "अनुसया! कुणाला थांबवून राहिली तू? जाऊ दे आक्काला!"

अनुसयाबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. मोठ्या घरचा असला तरी?

"नाही नानासाहेब," मी म्हणाले. "त्या आधी सांगतील पिशवीत काय आहे. मग साहेबांसमोर उघडतील. सगळ्यांना तोच नियम."

"माझ्या बहिणीला?"

"तुम्हालासुद्धा."

फौजदार पोचले होते. त्यांनी वर्तुळ पाहिलं, मान डोलावली. "बरोबर आहे. सांगा आक्का, काय आहे आत?"

आक्का रागानं लाल झाल्या होत्या. "साडी हाय. डबा हाय. नारळाची वाटी. आन् माझी मोत्याची नथ, रुमालात गुंडाळलेली. दर्शनाच्या रांगेत नाकाला लागायली म्हणून काढून ठेवली."

"आता उघडा."

आक्का रेघ ओलांडून गेल्या, पिशवी उघडली. साडी निघाली. डबा निघाला. नारळाची वाटी निघाली. पिशवी उलटी करून झटकली.

नथ नव्हती.

पुढचं बोलणं मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. कुणी विचारलं नाही की नथ कुठं पडली असेल. आक्का अनुसयाबाईकडं बोट करून म्हणाल्या, "हीच उभी होती इथं!"

"आक्का, मी बाहेर उभी होते. रेघ बघा. माझं पाऊल हाय का आत?"

"रेघ मारायच्या आधी घेतली असशील!"

नानासाहेब माझ्याकडं वळले. आवाज खाली, पण धार तीच. "मी म्हणलो होतो, ताई. पैल्या दिवशी म्हणलो होतो."

"काय म्हणाला होता तुम्ही?"

"समजून घ्या."

"मला समजून घ्यायचं नाही. मोठ्यानं बोला."

ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. गर्दीतून कुणीतरी बोललंच. "समईवाली हाय ती."

पंगतीतली माणसं पानं सोडून उठली होती. अनुसयाबाई वर्तुळाच्या कडेवर तशीच उभी. तिनं शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. "बाई, झडती घ्यायला लावा माझी. आत्ता. सगळ्यांम्होरं. मंग ही शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या."

मी म्हणाले, "झडती घ्यायची तर इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाची. पहिली माझी, दुसरी नानासाहेबांची."

फौजदार म्हणाले, "मॅडम, शांत व्हा."

मी शांत झाले नाही. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. वडिलांच्या पत्रकातली दोनतीन वाक्यं त्यात होती. त्या वाक्यांचा नेहमी होतो तेवढाच उपयोग झाला.

एवढ्यात दिगंबरमामा आले. त्यांना भांडणाशी देणंघेणं नव्हतं. पंगतीत भात कमी पडतोय, हे सांगायला ते नानासाहेबांना शोधत होते. गर्दी बघून थांबले. "काय झालं?"

"आक्काची नथ गेली," कुणीतरी म्हणालं.

"नथ?" मामा म्हणाले. "मोत्याची? बारीक लाल खड्याची? ती तर नाथापुढं हाय. सकाळधरनं."

आक्कांचा रोखलेला हात खाली आला.

"उंबऱ्यापाशी सापडली," मामा सांगत होते. "रुमालात होती. आक्कानं नारळ काढताना पडली आसंल. मी उचलली, नाथापुढं ठेवली. रीत हाय आपली."

"मामा!" माझा आवाज फाटला. "मग पुकारलं का नाही?"

मामांनी माझ्याकडं खरोखरच आश्चर्यानं पाहिलं. "तुमीच म्हणला ना बाई, माईकवर बोलायचं न्हाई."

"बेवारस पिशवी म्हणाले होते मी! पिशवी!"

"मला वाटलं, सगळ्यालाच."

बघा. शिकवलेल्यातलं त्यांनी अर्धं पाळलं आणि रीतीतलंही अर्धं पाळलं. वस्तू उचलली जुन्या रीतीनं, गप्प बसले नव्या नियमानं. दोन्ही नीट पाळलं असतं तर काही झालं नसतं. एकही पाळलं नसतं तरी काही झालं नसतं. ट्रेनिंगच्या कामातली माझी सगळी चीड या अर्ध्या-अर्ध्यात आहे.

मामांनी नथ आणून दिली. आक्कांनी ती उजेडात धरून पाहिली, खडा पाहिला, नाकात घातली. "बाई बाई, नाथानंच राखली." नानासाहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी लवंग तोंडात टाकली. "चला, बरं झालं. सापडली. जा रे जेवायला, पंगत थांबली. मामा, भाताचं काय म्हणत होता?"

माणसं पांगायला लागली. बस, एवढंच. अनुसयाबाई तिथंच होती आणि तिच्याकडं कुणी पाहतही नव्हतं. समई कोठीत सापडली तेव्हा असंच झालं असणार.

"नानासाहेब," मी म्हणाले, "यांना काहीतरी बोला."

"काय बोलू? मी कुठं काय म्हणलो? आक्का म्हणली, आन् तीबी घाबरून. संपलं की आता." मग थोडं थांबून, उदारपणे, "अनुसयाची जागा कायम धरा. काम चांगलं केलं. झालं समाधान?"

मला वाटलं, जिंकलो आपण. मी अनुसयाबाईकडं शिट्टी धरली. तिनं घेतली नाही.

"नानासाहेब, जागा नंतर," ती म्हणाली. "आधी माईकवर सांगा."

"काय सांगू?"

"आळ सगळ्या पंगतीम्होरं आला. निम्मी माणसं हात धुवायला गेली, त्यांना नथ सापडलेली म्हाईत न्हाई. ती घरी जाऊन काय सांगतील? समईच्या वक्ताला मी गप बसले. आता न्हाई बसत. नथ नाथापुढं सापडली, अनुसया राठोडनं घेतली नव्हती, एवढं माईकवर सांगा. मंग मी गेटवर उभी राहते. न्हाईतर ही साडी काढून ठेवते आन् झाडू घेते."

"अगं, यात्रेत असलं माईकवर पुकारतात होय? बाहेरगावची माणसं हायेत."

"बाहेरगावच्यांनीबी ऐकलंय, समईवाली."

नानासाहेब मदतीसाठी माझ्याकडं बघू लागले. मी आकाशाकडं बघू लागले. ते फौजदारांकडं वळले. फौजदार म्हणाले, "पुढच्या वर्षी परवानगीला बाई गार्ड लागेलच, नानासाहेब. दुसरी कुणी तयार आहे का?"

दुसरी कुणी तयार नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी नानासाहेब हलेनात. माईकपर्यंतची वाट चार पावलांची होती आणि ती त्यांना चालवेना. मी हे लिहिते आहे ते कुणाला नावं ठेवायला नाही. एखाद्या माणसावर आळ घेणं किती सोपं आणि उतरवणं किती जड, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी दिगंबरमामा पुढं झाले. कुणाला विचारलं नाही. माईक हातात घेतला, फुंकर मारली आणि सापडलेल्या वस्तूचं पुकारतात त्याच ठरलेल्या सुरात सुरू केलं.

"सर्व भाविकांना कळवण्यात येते. विमलआक्कांची नथ नाथापुढं सापडलेली आहे. ती अनुसयाबाई राठोड यांनी घेतली नव्हती. ऐका. नथ अनुसयाबाईंनी घेतली नव्हती." मग माईकवर हात न ठेवताच स्वतःशी बोलल्यासारखं, "आन् मागची समईबी घेतली नव्हती. ती कोठीत पोत्यामागं होती. मीच ठेवून इसरलो होतो."

सगळ्या यात्रेनं ते ऐकलं. नानासाहेबांच्या तोंडातली लवंग थांबली. अनुसयाबाई मामांकडं बघत राहिली, बराच वेळ. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. राग होता का, सुटका होती का, की दोन्ही. मग तिनं माझ्या हातातून शिट्टी घेतली, गळ्यात घातली आणि गेटकडं चालू लागली. जाता जाता मामांना एवढंच म्हणाली, "मामा, लई वर्सं लावली तुमी."

"पैले कुणी माईक बंद कर म्हणलं न्हवतं, त्यामुळं त्याची किंमत कळली न्हवती," मामा म्हणाले. मला वाटतं हा टोमणा मला होता.

अनुसयाबाईची जागा कायम झाली. ती पुढं बरीच वर्षं बायांच्या गेटवर होती. फोटोतही आली, दुसऱ्या वर्षीच्या.

नांदेडला परतल्यावर सरांनी विचारलं, "दोन दिवस जास्तीचे कशाला लावलेस?" मी म्हणाले, "एक ड्रिल राहिली होती." त्यांनी माझी रजा कापली.

माझ्या ट्रेनिंगमध्ये आता दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. पहिली, "माईकवर बोलू नका" असं मी कधीच तोडून सांगत नाही. काय बोलायचं, काय नाही, ते त्यांच्याकडून तिथंच म्हणवून घेते, कंटाळा येईपर्यंत. दुसरी, शिकवण्याआधी मी कमिटीला विचारते की तुमच्या माणसावर खोटा आळ आला तर तो उतरवणार कोण आणि कुठून. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही. मी उत्तर येईपर्यंत फक्कीची पिशवी उघडत नाही. हात लावू नका, हे कुणालाही शिकवता येतं. पण ज्याच्यावर पहिला संशय जातो, त्याला उघड्यावर एकटं उभं करायचं असेल, तर त्याच्या बाजूनं बोलणारा माईक आधी ठरवून ठेवावा लागतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या बाजूला एका देवस्थानात गेले. सगळं शिकवलं, म्हणवून घेतलं, डमी ठेवली. पुजाऱ्यानं ती उचलली आणि गाभाऱ्यात नेली.

या वेळी खूण म्हणून विटांवर मी माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं.